आधी वाचन, मग बांधणी

नगरला आमच्या कॉलेजमागे प्रबंधांची बांधणी करणारे एक गृहस्थ आहेत. आलेला प्रत्येक प्रबंध ते आधी वाचतात आणि लगेच मनावर घेतात. मूतखड्यावरचा आला तेव्हा दिवसभर पाणी पीत बसले. राज्यशास्त्राचा आला तेव्हा गिऱ्हाइकांना लोकशाही शिकवू लागले.

माझा विषय ऊसतोड बायकांमधला रक्तक्षय. ठरल्या वेळी मी बांधलेली प्रत घ्यायला गेले, तर दुकान बंद. तासाभराने ते रिक्षातून उतरले, सोबत ऊसतोडीला जाणारी त्यांची बहीण.

"हिला दवाखान्यात नेल्ती, मॅडम. तुमी लिवलंय तसंच निघालं. रक्त लई कमी हाय."

"आणि माझा प्रबंध?"

"शेवटचं प्रकरण ऱ्हायलंय वाचायचं. उद्या बांधतो."

प्रबंध जमा करायची मुदत उद्याच संपत होती. तरी मी म्हणाले, "वाचा सावकाश."