अंबाड्यातली पिन

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी सुमनवर चिडूनच बसले होते. शनिवार होता. तारनाक्याहून बसमध्ये चढली की ती मला फोन करून दम भरायची, "निघालीस का गं? की अजून वेणीफणीच चाललीय?" त्या दिवशी फोनच नाही. आला तो तिच्या मुलाचा. "मावशी, आई गेली... झोपेतच." आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "अरे, मग आज तास कोण घेणार?" महिना उलटला, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. भाजी चिरता चिरता उठते, उगाच दार उघडून बघते, पुन्हा येऊन बसते.

सुमन रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. वडील नोकरीसाठी नांदेडहून हैदराबादला आले, ते इथलेच झाले. मी जामबागच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, पण वाचनतासाचं खूळ तिचं. तिची नात मराठी बोलायला लागली की थांबत नाही, आणि मराठी पुस्तक हातात दिलं की हिचे डोळे पेंगायला लागतात! हे बघून सुमन पेटली. आमच्या शाळेतली पोरं तरी काय वेगळी? घरात मराठी, गल्लीत उर्दू-तेलुगू, आणि पुस्तक काढलं की सगळी परेशान. मुख्याध्यापिकांच्या मागे हात धुऊन लागून तिनं शनिवारचा शेवटचा तास मिळवलाच.

तिची रीत मोठी दुष्ट होती. मोठ्यानं वाचायची, पोरं पुढे सरकून बसायची, आणि नेमका श्वास अडकला की... थप्प! पुस्तक बंद. अंबाड्यातली एक पिन काढून त्या पानाला लावायची. "बस्स. पुढचं टेबलावर आहे. ज्याला हवं त्यानं वाचा, पण माझी पिन हलवायची नाही." एकदा आबिड्सला इराणी चहा पिताना मी वैतागून म्हटलं, "अगं, किती छळशील त्यांना? सांगून टाक ना." माझ्या बशीतलं बिस्कीट उचलत म्हणाली, "सांगितलं तर वाचतील कशाला? तुलाही नाही सांगणार. वाच की!" मीही हट्टी. नाही वाचलं.

शेवटच्या शनिवारी गोष्टीतली मुलगी हरवलेल्या बकरीसाठी पडक्या बावडीत उतरली होती आणि दोराचा पीळ सुटायला लागला होता. थप्प! सुटलेला अंबाडा सावरत सुमन वर्गाबाहेर आली. "आता शिव्या घालत असतील मला," म्हणाली. काय खूष होती!

ती गेल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, मुलं सुमनताईंसाठी बसायची, पुस्तकासाठी नाही. एक शनिवार तुम्ही घेऊन बघा. नाही जमलं तर तास कॉम्प्युटरला देऊ." बाई वाईट नाहीत. मला राग आला तो वेगळाच. त्यांचं खरं असलं तर? मग माझ्या सुमननं इतके शनिवार केलं तरी काय?

गेले. पुस्तक टेबलावरच होतं. तास झाला की ते पिनेसकट घरी न्यायचं, मी ठरवूनच आले होते. तिनं लावलेली पिन त्या दोराच्या पानावर कायमची राहणार होती. उघडलं, तर तिथे पिनच नाही! पुढे बरीच पानं उलटली तेव्हा सापडली. माझं डोकंच फिरलं. "कुणी हलवली ही? सुमनआजींची आठवण होती ना ती!"

पोरांतली रेश्मा उभी राहिली. "मी, टीचर. दुपारच्या सुट्टीत आम्ही वाचतो. मी मोठ्यानं वाचते... अटकले की ह्या पोरी सांगतात."

"पण पिन कशाला हलवायची?"

"मग थांबायचं कसं, टीचर? कालचं तिथं थांबलं. पुढचं कुणालाच नाही माहीत."

मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. मी पुस्तक रेश्माकडे दिलं. जोडाक्षराला अडखळत, पुन्हा मागे येत ती वाचत राहिली. सुधारायला माझी जीभ शिवशिवत होती, पण गप्प बसले. बकरी सापडली. मुलगी वर बघते, तर बावडीच्या काठावर कुणीतरी वाकून...

थप्प!

"अगं, कोण आहे वर?" मी ओरडलेच.

"नक्को टीचर," रेश्मा पिन लावत म्हणाली, "पुढचं टेबलावर आहे."

पुस्तक घरी आणलं नाही. आज बुधवार. वर कोण होतं, या विचारानं मला झोप नाही. सुमन असती तर म्हणाली असती, वाच की!