जाऊबाईंच्या सात माळा

कर्जतपासून खोपोलीपर्यंत जेवढं म्हणून खोटं सोनं विकलं गेलं असेल, त्यातलं निम्मं तरी आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या गळ्यात, कानांत नाहीतर मनगटांवर येऊन बसलं असणार. आणि तरीही आपल्याकडे खोटा म्हणून एकसुद्धा डाग-दागिना नाही, असं त्या कुणाहीसमोर छातीवर हात ठेवून सांगत. तो हात छातीवर पडला की चार-पाच माळा एकदम खुळखुळत. मी लग्न होऊन ह्या घरात आले ती एकोणीसशे पन्नास-बावन्नच्या सुमाराला. मापटं ओलांडताना सासरचा पहिला आवाज कानावर आला तो हाच. मान वर करायची सोय नव्हती, त्यामुळे मला वाटलं, माझ्या स्वागताला बैल सजवून उभे केलेत.

जाऊबाई दागिना विकत घेत नसत. म्हणजे घेत, पण त्यांच्या मते ते घेणं नव्हतंच, हरवलेलं परत आणणं होतं. कर्जतच्या बाजारात गिलिटाच्या दागिन्यांचा एक म्हातारा विक्रेता बसायचा. त्याच्यासमोर ऐसपैस बसून त्या विचारत, "काका, माझ्या आजेसासूची ठुशी हरवलीय. तुमच्याकडं आलीय का बघा बरं." आणि तोही एवढा मुरलेला, की मान न उचलता म्हणे, "आली ना वैनी. कालच आली. तुमची वाटच बघत होती." साजगावच्या जत्रेला सारा मुलूख सुके बोंबील घ्यायला जातो, जाऊबाई बोंबीलही घेत आणि मोहनमाळही घेत, आणि दोन्ही एकाच पिशवीत टाकत. एका वर्षी ती मोहनमाळ घालून त्या शेलूला एका साखरपुड्याला गेल्या, तर त्या घरची दोन मांजरं कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्या मांडीवरून उठेनात. परत येताना मी ते हळूच बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मुक्या जनावराला खरं सोनं कळतं, धाकटे. मानसाला नाय कळत."

मोठं काम होतं ते गोष्टींचं. दागिना पिशवीत पडला की त्याची गोष्ट सुरू होई, आणि एसटीतून उतरेपर्यंत ती तीन पिढ्या मागे गेलेली असे. बोरघाट उतरून खाली आलेल्या प्रत्येक सरदाराला आमच्याच विहिरीवर येऊन तहान लागत असे, आणि पाणी पाजणारी बाई नेमकी आमच्याच घरची असे. ह्याने वाकी दिली, त्याने चिंचपेटी दिली. एका बाजूबंदाला आतून किमतीची चिठ्ठी चिकटलेली होती. मी ती दाखवली. "सरदारानं चिकटवली आसंल," त्या शांतपणे म्हणाल्या, "तू होतीस का तिथं?" गळ्यावर हिरवा वळ उठला की सोनं रुसलं म्हणायचं, आणि चिंचेनं घासून त्याची समजूत काढायची. मी स्वतः याद्या करणारी बाई. वाण्याची यादी, धोब्याची यादी, लग्नात कुणाकडून काय मागून आणलं त्याची यादी. एकदा मी त्यांच्या डब्यातल्या दागिन्यांचीही यादी करायला बसले. पहिल्याच डागाला, म्हणजे एका बुगडीला, त्यांनी अशी गोष्ट सांगायला घेतली की दुपारच्या भाकऱ्या राहून गेल्या. मी वही मिटली.

पण देण्यात हात मोकळा. आमच्या गावातल्या त्या वीस-पंचवीस वर्षांतल्या कुठल्याही नवरीचा फोटो बघा, गळ्यात जाऊबाईंची ठुशी असणारच. आता त्या नाहीत, तरी जुने फोटो बघताना मला नवऱ्या ओळखू येत नाहीत, ठुशी ओळखू येते.

त्या साऱ्या पसाऱ्यात एक डाग खराच होता: सासूबाईंची पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांची माळ. जाऊबाई तेराव्या वर्षी ह्या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी ती त्यांच्या गळ्यात घातली होती, आणि जाताना सांगून गेल्या होत्या, की घरातल्या पहिल्या लेकीच्या लग्नात तू आपल्या हातानं ही तिला घाल. जाऊबाईंना मूल झालं नाही. पहिली लेक झाली ती मला, सुमन. सुमन पाळण्यात होती तेव्हापासून त्या मला बजावत आल्या होत्या, "पोरगी तुझी. पन माळ मी घालनार."

तर सुमनच्या लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा मी यादीतली पुढची ओळ वाचली आणि म्हणाले, "जाऊबाई, माळ काढून ठेवू या." त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यापुढे पुतळ्यांच्या एकसारख्या माळा टाकल्या. एकसारख्या म्हणजे अगदी तशाच. तेच लाल गोंडे, त्याच पुतळ्या.

"ह्या इतक्या कशा?"

"मागं शेजारच्या गावात चोरी झाली, तवा केल्या. एक खरी, सहा तशाच. चोराला कळाया नको, कंची खरी ती."

"आणि तुम्हाला?"

जाऊबाईंनी एका माळेचा गोंडा सरळ केला. "पयली दोन वर्सं कळत होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, कर्जतला सोनाराकडे नेऊ, तो एका मिनिटात सांगेल. त्या एवढ्या दचकल्या की डब्याचं झाकण खाली पडलं. "सोनाराकडं? सांजच्या आत खोपोलीपर्यंत कळंल, हिच्याकडं खरं किती नि खोटं किती! मंग मी तोंड कुठं दावू गं?" मग म्हणाल्या, "सोनार कशाला? तिच्यावर खूण हाय. बाळूचे दात."

बाळू म्हणजे आमचे हे. तेव्हा कारखान्यात पंचवीस माणसांवर हुकूम चालवत होते. "मी तेरा वर्सांची नि तो दहा महिन्यांचा. दिवसभर माझ्या कडेवर. दात येत होते, तर माझ्या गळ्यातली पुतळी धरून चावायचा. खरं सोनं मऊ. दोन दात उमटले. सासूबाई रागावल्या मला, मी काय करनार?" हे पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी नकळत ओठ मिटून घेतले.

सरदारांच्या इतक्या गोष्टी ऐकल्यावर ह्या दातांवर विश्वास कोण ठेवणार? तरी मी चष्मा लावून दारापाशी उजेडात बसले आणि एकेक पुतळी तपासली. कुठेही दात नव्हते. मग सवयीनं माळा मोजल्या. सहा.

"जाऊबाई, सातवी कुठाय?"

त्यांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग पांढरा. रामनवमीला गावात नाटक झालं होतं. राणीचं काम दामूनं केलं होतं. हा दामू एरवी चौक गावच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली झोपलेला असायचा. नाटकापुरत्या मिशा काढायचा. दरवर्षी राणीचे दागिने जाऊबाई द्यायच्या. यंदाही डब्यात हात घालून हाताला आली ती माळ त्यांनी दिली होती.

"माझ्या हातानं दिली गं," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी माझ्या हातात दिली, नि मी माझ्या हातानं राणीला दिली." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या माळा वाजल्या नाहीत, त्या अगदी हलल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी चौकला गेलो. गॅरेजमध्ये एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. जाऊबाईंनी ते ओळखले. "दामू, भायेर ये रं!"

दामू सरपटत बाहेर आला. मिशा पुन्हा फुटत होत्या. "वैनी? तुमी हितं? काय झालं?"

"माळ कुठाय?"

"हाय की. घरी ठेवली असती तर बायकोनं घातली असती, म्हनून हितंच ठेवली." त्यानं नटबोल्टचा एक खण ओढला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली माळ काढली. "पन वैनी, यंदाची माळ लय जड होती बगा. मागल्या वर्सीची हलकी. चवथ्या अंकात राणीला रडायचं असतं ना, मी खराच रडलो. मान आखडली होती."

जाऊबाईंनी माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून स्वतः लावला. एकेक पुतळी बोटांनी पुसत गेल्या. मधल्या गोंड्यापासून चौथ्या पुतळीवर त्यांचं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. कडेला दोन लहानसे खळगे होते, तांदळाच्या कणीएवढे, शेजारीशेजारी.

दामू आमच्या तोंडाकडे बघत होता. "काय वैनी, खरी हाय की काय?"

"खरी कुठली?" जाऊबाई म्हणाल्या. "खोटीच हाय रं. सासूची आठवन, म्हनून आले." आयुष्यात त्यांनी एकाच दागिन्याला खोटं म्हटलं, आणि तोच तेवढा खरा होता. एसटीत बसल्यावर त्यांनी माळ पोलक्यात खाली सरकवली, वर पदर घेतला, पदरावर दोन्ही हात ठेवले, ते घरी पोचेपर्यंत काढले नाहीत.

लग्न छान झालं. जाऊबाईंनी आपल्या हातानं सुमनच्या गळ्यात माळ घातली आणि गोंडा ओढून बसवला. विहीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "बरीच जुनी दिसते?" मी सरदाराच्या तयारीत होते. जाऊबाई म्हणाल्या, "तिच्या बापाला दात आले तवाची." एवढंच. विहीणबाई गोंधळून ह्यांच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागून आणलेल्या भांड्यांची यादी घेऊन माजघरात गेले, तर जाऊबाई भिंतीला टेकून बसलेल्या. गळ्यात नुसतं मंगळसूत्र. मांडीवर त्या सहा माळा.

"आज काही घातलं नाहीत?"

"कंची घालू?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं, ज्या दिवशी जी घालीन त्या दिवशी वाटायचं, हीच आसंल सासूबाईंची. रोज वाटायचं. तू शोधून दिलीस, लय बरं केलंस. पोरीच्या गळ्यात गेली. पन ह्या साही आता खोट्या झाल्या गं."

हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी भांड्यांचा कागद बाजूला ठेवला, त्यांच्याजवळ बसले आणि एक माळ उचलली. "जाऊबाई," मी म्हटलं, "सासूबाईंची एकच माळ होती कशावरून? मला वाटतं, दोन असाव्यात. ही... ही त्यांच्या आईची. पनवेलहून आली असणार. बैलगाडीतून."

पाढे म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग?"

"मग... मग गाडी घाटात अडली."

"पनवेलवरनं येताना घाट कुठं लागतो गं, बये?" जाऊबाई हसल्या, हसता हसता त्यांचे डोळे भरले. "पुन्यावरनं म्हन. मंग बोरघाट येतो." आणि त्यांनी मान माझ्यापुढे केली.

मी माळ घातली, गोंडा ओढला. पुढचं त्यांनीच सांगायला घेतलं. पुण्याहून निघालेली ती गाडी घाट उतरून आमच्या दारात पोचली, तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती.