उसवणारे भाऊजी

आमच्या घरात सगळे शिंपी. मामंजी, मोठे दीर, माझे यजमान, सगळ्यांची बोटं सुईवर घडलेली. धाकटे भाऊजी तेवढे निराळे निघाले. त्यांनी शिवलेल्या पहिल्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या. गिऱ्हाईक बिचारं सज्जन. आरशापुढे बराच वेळ उभं राहून म्हणालं, "माझाच हात वाकडा आहे का हो?"

दुकानाचा कायदा असा, की ज्याने चुकीचं शिवलं त्यानेच उसवायचं. त्यामुळे भाऊजी सदानकदा उसवतच बसलेले. पण उसवताना त्यांचा चेहरा पाहावा! झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खुळखुळा काढावा तसा एकेक टाका अलगद सोडवायचे. कापडाला भोक नाही की चुणी नाही. मग बाकीचे दोघंही आपापल्या चुका गुपचूप त्यांच्याकडे सरकवू लागले.

मामंजींना हे खपेना. "शिंप्याच्या पोटी उंदीर जन्मला!" ते म्हणाले. "एक सदरा धड शिवून दाखव, नाहीतर मामाच्या सिमेंटच्या गोदामात पोती उचलायला जा."

भाऊजींना साधी पिठाची धूळ सोसत नसे, तिथे सिमेंट! जीव मुठीत धरून मशीनवर बसले आणि सदरा शिवला. मामंजींनी तो उलटा केला, सुलटा केला, कॉलर ओढून पाहिली. नाव ठेवायला जागाच नव्हती.

"झालास की रे शिंपी!"

भाऊजींचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. "बाबा, एक सांगू? रागावू नका. मला शिवायचं नाही. कोऱ्या कापडाला कात्री लावायचा धीरच होत नाही. मला उसवायलाच आवडतं. लोकांचे जुने कपडे सैल करून देईन."

"अरे, शिंप्याकडे लोक शिवायला येतात की उसवायला?"

"लोक जाड होतातच ना, बाबा."

पडद्याआड मला हसू फुटलं. मामंजी माझ्यावर उखडले, "सूनबाई, तुम्हीच लाडावून ठेवलंय याला!"

मी म्हटलं, "मामंजी, गोदाम काही पळून जात नाही. महिनाभर बसू द्या पायरीवर. नाही जमलं तर मीच डबा बांधून पाठवते गोदामात."

"बसू दे. पण माझ्या पाटीखाली नाही!"

झालं. दाराच्या पलीकडे स्टूल टाकून भाऊजी बसले. आधी नुसत्या माश्या मारल्या. मग एक मास्तरीणबाई आल्या. लग्नातला ब्लाउज, बटण लागेना आणि टाकवेना. भाऊजींनी कुशीच्या शिवणी उसवून तो असा सैल केला, की बाईंनी बटण लावून पोटभर श्वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा पाठवली. महिना सरत आला तोवर स्टुलापुढची रांग आमच्या दारात. मामंजी आतून ओरडायचे, "माझ्या गिऱ्हाइकांना वाट द्या!" गोदामाचं मात्र अवाक्षर काढेनात.

एके दुपारी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली विजार माझ्या हाती दिली. "कोणाची ते सांगायचं नाही."

भाऊजींनी ती उलटी केली, कमरेची शिवण पाहिली आणि आत ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, ज्यांची आहे त्यांना सांगा, शिंपी शहाणा होता. आत भरपूर कापड ठेवलंय, सोडतो. आणि माझ्या गोदामाचं काय ठरलं, तेही विचारून या."

आतून आवाज आला, "कसलं गोदाम? आधी माझी विजार दे!"