मधल्या खोलीतला डबा

माझे सासरे चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी ते अजून लाइनमनच आहेत. रस्त्याने चालताना ते समोर बघत नाहीत, वर बघतात. कुठली तार सैल पडली आहे, कुठल्या खांबावरची पेटी उघडी राहिली आहे, हे न्याहाळत चालतात आणि कोणाच्या तरी दारातल्या कुंडीवर आदळतात. वर पुन्हा चिडतात तेच, की कुंडी इथे कोणी ठेवली.

त्यांची दुसरी सवय मला जास्त जाचायची. ‘लाइन बघायला आलोय’ एवढं म्हटलं की त्या काळी कुठलंही घर त्यांना उघडं असायचं. स्वयंपाकघर, माळा, पलंगाखाली, सगळीकडे संचार. त्यामुळे दारावर टकटक करायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या भाड्याच्या घरात खोल्या रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक आहेत. पुढची बैठकीची, मग स्वयंपाकघर, मग माझी, मग बाथरूम आणि शेवटी सासू-सासऱ्यांची. बोळ सगळ्यांना बाजूने जोडतो. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, म्हणून ती मधली खोली व्यवहारात माझीच. तिथे बसून मी छपाईला जाणाऱ्या पुस्तकांची मुद्रितं तपासते.

तीन वर्षांपूर्वी साडेचारशे पानं पलंगभर क्रमाने मांडून ठेवली होती. बाबा आले, खिडकीवरची वायर बघायला पलंगावर चढले आणि उकडतंय म्हणून पंखा लावला. पुढचं सांगायला नको. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘दुसऱ्यांच्या घरात घुसून घुसून तुम्हाला सवयच लागली आहे,’ असं मी बोलले. बोलायला नको होतं. ते पलंगावरून उतरले आणि म्हणाले, “आजपासून तुझ्या खोलीत पाऊल टाकणार नाही.”

शब्द पाळावा तर बाबांनी. तीन वर्षांत त्यांचा अंगठाही उंबऱ्याच्या आत आला नाही. वर्तमानपत्र द्यायचं तर बाहेरून हात लांब करून देत. एकदा खोलीतला दिवा गेला तेव्हा ते दारात उभे राहिले आणि मला स्टुलावर चढवून, डावीकडे फिरव, उजवीकडे फिरव, असं सांगत बसले. मला ते बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? शांतता मिळत होती.

आता सासूबाईंचं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, बाबांशी ओळख तिथलीच. त्यांचा चेहरा फार कमी लोकांनी पाहिला असेल, पण आवाज अर्ध्या गावाला पाठ होता. भाजी घ्यायला गेल्या आणि भाव विचारला की मागून कोणीतरी म्हणायचं, अहो, तुम्ही एक्स्चेंजवाल्या ना?

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय पुष्कळ सुधारला, वॉकर धरून त्या चालायला लागल्या. बोलणं मात्र गेलं. म्हणजे समजायचं सगळं, डोक्यात शब्दही असायचा, पण तो तोंडापर्यंत येताना वाटेत हरवायचा. ‘पाणी’ म्हणायला कधी कधी अर्धा मिनिट लागे. दोन शब्द एकापुढे एक आले तर आमच्या घरी आनंदीआनंद.

स्पीच थेरपीच्या बाई दुसऱ्या शहरात होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा वाजता टॅबवर दिसायच्या. त्या चित्र दाखवत, आईंनी नाव सांगायचं. पहिले सहा महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक याच काळात येतं, असं बाईंनी बजावलं होतं. पण आई पुढच्या खोलीत बसायला तयार नव्हत्या. खिडकी रस्त्याला, येणारा-जाणारा डोकावणार. आपलं अडखळणं कोणी ऐकावं हे त्यांना सहन होणार नव्हतं, आणि मला ते शंभर टक्के पटत होतं. माझ्या खोलीत पसरलेल्या मुद्रितांमध्ये बसायला त्या संकोचायच्या. मागच्या खोलीत मात्र मोबाइलची रेंज नाही आणि वायफाय पुढच्या खोलीत. मध्ये भिंती, स्वयंपाकघरातली लोखंडी मांडणी, बाथरूमच्या फरशा आणि नळ.

“तार ओढतो,” बाबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी बोळातून तार टाकली, तिसऱ्या दिवशी तीत वॉकरचा पाय अडकला आणि आई पडता पडता वाचल्या. घरमालकाला भिंतीत एक खिळा चालत नाही, म्हणून मग तार वरून चिकटपट्टीने डकवली. बाथरूमच्या वाफेने ती रोज खाली लोंबायची. शेवटी बाबांनी हात टेकले आणि दुकानातून मेशची जोडी आणली. दोन पांढरे डबे. एक पुढे राउटरला जोडायचा, दुसरा घरात आणखी कुठेतरी ठेवायचा. दोघं आपसात बिनतारी बोलतात आणि सगळ्या घराला नेट देतात, असं दुकानदाराने सांगितलं.

बाबांनी दुसरा डबा आईंच्या उशाशी ठेवला. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. माणूस जिथे बसतो तिथे फोन न्यायचा. तार शेवटच्या टोकालाही आवाज पूर्ण पोचवते, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. आणि दिसायलाही सगळं ठीक दिसत होतं. टॅबवर वायफायच्या दांड्या काठोकाठ भरलेल्या.

तरी वर्ग बिघडायचा. आई शब्द शोधत असायच्या आणि समोर बाई निश्चल. आईंच्या तोंडातून ‘चम’ निघायचं, ‘चा’ निघायचा नाही. बाईंचा चेहरा तसाच, मग एकदम आवाज, “ठीक आहे, पुढचं चित्र बघू या.” आईंनी मधल्या वेळात ‘चमचा’ म्हटलेलंही असे, पण ते तिकडे पोचलेलंच नसे. बाईंनी आपल्या टिपणात लिहिलं, ‘पेशंट मध्येच थांबतात.’

आम्हाला संशय आला नाही असं नाही. पण आम्ही दांड्या बघायचो. दांड्या पूर्ण, म्हणजे नेट निर्दोष. मग दोष उरला कोणाचा? कोणी तसं बोललं नाही, पण खोलीतल्या सगळ्यांच्या मनात तेच होतं, आणि सगळ्यांत आधी आईंच्या. दोन आठवड्यांनी एका सोमवारी अकरा वाजता त्यांनी डाव्या हाताने टॅब पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. बुधवारी तेच. पुढच्या दोन्ही वेळांना तेच. बाईंचा मला फोन आला. बाई चांगल्या होत्या, पण स्पष्ट बोलल्या. “आणखी दोनदा बसल्या नाहीत तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. यादी मोठी आहे हो.”

मी घाबरले. आई कायमच्या गप्प झाल्या तर, या विचाराने जेवण जाईना. मी आईंना समजावलं, रागावले, लाडीगोडी लावली. त्या एकच शब्द बोलल्या, “नको.” हा शब्द मात्र अजिबात न अडखळता.

त्या दिवसांत बाबांचं एक विचित्र चाललं होतं. डबा उशाशी राहिला नव्हता, घरभर भटकत होता. एकदा स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, एकदा बाथरूमच्या दाराशी बादली उपडी करून तिच्यावर, मग बोळात स्टुलावर. बाबा पालथ्या टॅबला सुलटा करून प्रत्येक ठिकाणाहून काहीतरी मोजत आणि वहीत लिहीत. मी विचारलं की “बघतोय” म्हणत. निवृत्त माणसाला काहीतरी चाळा हवा, असं मला वाटलं.

गुरुवारी दुपारी मी भाताचं पातेलं घेऊन बोळातून जाताना त्याच स्टुलावर ठेचकाळले. स्टूल आडवं, डबा आडवा, वही उघडी. पातेलं खाली ठेवून वही उचलली ती बाबांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच. पानभर आमच्या घराचा नकाशा होता, पट्टीने आखलेला. प्रत्येक खोलीत वेळ आणि आकडे. बोळात सात ठिकाणचे आकडे. माझी खोली कोरी. त्या कोऱ्या चौकोनात दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक ठळक फुली होती आणि बाजूला वेगळ्याच, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे.’

“ही फुली कोणाची?” मी विचारलं.

बाबा मागच्या खोलीतून आले. वही माझ्या हातात बघून त्यांचा चेहरा उतरला.

“ती हेल्मेटवाली आली होती ना, नेटच्या कंपनीची. तू प्रेसमध्ये गेली होतीस त्या दिवशी.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, काका, तुमच्या टॅबला डबा जवळ आहे, पण डब्याला पहिला डबा लांब आहे. दांड्या दाखवतात ते टॅब ते डबा एवढंच. हा डबाच उपाशी, तो दुसऱ्याला काय वाढणार? मध्यावर ठेवा, जिथे त्याला पहिला डबा नीट ऐकू येईल. भिंतींचा हिशोब करून तिने ती जागा काढली.”

“हे कधी सांगितलं तिने?”

“नऊ दिवस झाले.”

“नऊ दिवस? आणि तुम्ही बादल्या उपड्या करत बसलात? मला विचारायचं नाही?”

“तुझी खोली आहे.”

“अहो पण विचारायचं तरी! मी नाही म्हणाले असते का?”

“तू हो म्हणाली असतीस,” बाबा म्हणाले. “तोच तर घोटाळा. मग तो डबा चालतोय की नाही बघायला मी दिवसातून दहा वेळा आत आलो असतो. मी कसा आहे ते मला ठाऊक आहे. म्हटलं, बाहेरच कुठेतरी जमतंय का बघू.”

मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. आणि त्याहून जास्त लाज वाटली. तीन वर्षं या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून मी शांतता उपभोगत होते, आणि एकदाही म्हटलं नव्हतं की झालं गेलं, या आत.

मी डबा उचलला आणि खोलीत नेला. फुलीच्या जागी माझं पुस्तकांचं कपाट होतं. शब्दकोश काढून एक कप्पा रिकामा केला, डबा ठेवला. बाबा सवयीने दारात थांबून सूचना देत होते. वायर खालून घे, भिंतीला टेकवू नकोस, वरच्या कप्प्यात ठेव.

“बाबा, आत या. मला यातलं काही कळत नाही.”

त्यांनी चपला काढल्या, खरं तर घरातल्या चपला त्यांनी कधीच काढल्या नव्हत्या, आणि हात पाठीमागे बांधून आत आले. प्रथमच कोणाकडे पाहुणा म्हणून गेल्यासारखे. डबा दोन कप्पे वर चढला. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन मोजलं, परत आले, वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शुक्रवारी अकराला मी आईंपुढे टॅब उभा केला. “आज एकदाच. नाही जमलं तर मी पुन्हा म्हणणार नाही,” असं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, पण टॅब पालथा घातला नाही. बाईंनी नमस्कार केला आणि कात्रीचं चित्र धरलं. आईंनी चित्राकडे बघितलं. ओठ हलले, काही आलं नाही. पाच सेकंद, दहा सेकंद. मी टॅबकडे बघत होते. बाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या. केसांची बट कानामागे सारली. हसून मान हलवली, सावकाश, घाई नाही. आईही तेच बघत होत्या. समोरची बाई हलत होती, थांबली होती ती आईंसाठी.

“का... त्री.”

“कात्री! वा! अगदी स्पष्ट आलं,” बाई म्हणाल्या.

आईंनी मान वळवून उशाशी बघितलं. तिथे आता नुसता पाण्याचा तांब्या होता. “डबा?” त्यांनी विचारलं.

बाबा दारात उभे होते. ते आत येऊन पलंगाच्या कडेला बसले.

“डबा हलवला. इथे ठेवला हीच माझी चूक झाली. अगं, तू अडकत होतीस, त्यातलं निम्मं तुझं नव्हतंच. तू बोलायचीस आणि ते तिकडे जायचं नाही. मला नऊ दिवसांपूर्वी कळलं होतं.”

आईंचा चेहरा लाल झाला, डोळे भरले, डावा हात पलंगावर आपटला. चार महिन्यांत त्या रडल्या होत्या, रुसल्या होत्या, पण भांडल्या नव्हत्या.

“अहो... मग... सांगायला... काय झालं होतं?”

टॅबमध्ये बाईंची पेन्सिल थांबली. बाबांना उत्तर द्यायचं होतं, पण त्यांचे ओठ नुसतेच हलत होते आणि चष्म्याखालून पाणी गळत होतं. पलीकडे बाईंना वाटलं की यांच्याकडे पुन्हा काहीतरी अडकलं. त्या टॅबजवळ वाकून मोठ्याने विचारायला लागल्या, “हॅलो, आवाज येतोय ना? माझा आवाज येतोय का तुम्हाला?”

“येतोय,” बाबा कसेबसे म्हणाले. “सगळं येतंय.”