पाइपावरचा फुगवटा

मोगऱ्याला पाणी घालताना पाइपावर एका जागी फुगवटा आलेला दिसला आणि माझा हात नळावरच थिजला. कालच डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं, बायकोच्या किडनीच्या धमनीची भिंत अशीच पातळ होऊन फुगली आहे. आधी बीपी उतरवू, मग आतून बारीक तारेची गुंडाळी भरून तो फुगा बंद करू. तोवर जपायचं. जपायचं म्हणजे काय, कोण जाणे. कालपासून मी दारसुद्धा हळू लावतो.

"अहो, नळ मोठा सोडा की," ती आतून म्हणाली. मी नळ होता तसाच ठेवला. ती बाहेर आली, तिनं फुगवटा पाहिला, मग माझा चेहरा. तिनं नळ बंद केला आणि आतून तांब्याभर पाणी आणलं. ते तिनं हळूहळू मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतलं.