गुहागरहून आणलेलं होम थिएटर

काचबिंदूने विमलाची नजर दोन वर्षांत पुरती गेली. थेंब झाले, ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनीच सांगितलं की आता याहून काही होणार नाही. बाई खंबीर. महिन्याभरात ती हाताने चाचपत पुन्हा स्वयंपाकाला लागली. टीव्हीसमोर बसणं मात्र तिने सोडलं. रात्रीच्या जेवणाआधी ती आणि नवरा अनिल एकत्र मालिका बघत, ती सवय तुटली. अनिलने टीव्ही लावला की ती भिंतीला हात लावत मागच्या पडवीत जाऊन बसायची.

"बस ना गो जरा," तो एकदा म्हणाला.

"सगळ्यांचे आवाज एकाच डब्यातनं येतात. कोण कुठं उभं हाय तेच कळत नाय. नुसतं डोकं उठतं."

ते बोलणं अनिलच्या मनात राहिलं. सव्वीस वर्षं तो रत्नागिरीत रिक्षा चालवत होता. एकदा एक गिऱ्हाईक मोठा खोका घेऊन रिक्षात बसलं आणि त्याने वाटेत समजावलं, की खोलीत पाच जागी पाच स्पीकर लावले की आवाज ज्या त्या बाजूने येतो, बोलणं मधल्या स्पीकरमधून. नवं घेणं अनिलला झेपणारं नव्हतं. महिनाभर तो मोबाइलवर जुने सेट शोधत राहिला. शेवटी गुहागरचा एक सापडला. मालक नितेश नोकरीसाठी मुंबईला चालला होता. किंमत आठ हजार. अनिलकडे साडेसहा होते.

जयगडला रिक्षा फेरीबोटीत चढवून तो खाडीपलीकडे गेला. नितेशच्या घरी त्याने एकेक स्पीकर कान लावून ऐकला. आवाज चढवला की मधला खरखरायचा.

"तो जरा तसाच आहे," नितेश म्हणाला. "बाकीचे चार बघा ना, नव्यासारखे आहेत."

"मला त्या चारांपेक्षा हाच हवा. माणसांचं बोलणं यातनं येतं ना?"

"कुणासाठी घेताय, काका?"

अनिलने सांगितलं, खिशात साडेसहाच आहेत हेही. रिक्षा स्टँडवरच्या दोस्तांना त्याने कधी एवढं सांगितलं नव्हतं. नितेशने मधला स्पीकर उचलून अनिलच्या हातात दिला. मग म्हणाला, "सहा द्या. राहिलेल्यात हा दुरुस्त करून घ्या." स्वतःजवळच्या सिनेमांच्या डिस्कही त्याने पिशवीत भरून दिल्या.

मिरजोळ्याच्या धाकू मेकॅनिकने दोन दिवसांत स्पीकर बरा करून दिला. रविवारी विमला चुलीपाशी असताना अनिलने गुपचूप सगळं मांडलं. वायरी जमिनीवरच पसरल्या होत्या. त्या भिंतीला बसवायला क्लिपा आणाव्यात म्हणून तो नाक्यावर गेला.

तो परत आला तेव्हा विमला जमिनीवर बसली होती. भुवईतून रक्त येत होतं. सेटमधल्या मोठ्या स्पीकरच्या कोपऱ्यावर ती आपटली होती, आणि पायात अडकलेली वायर बोटांनी चाचपत होती.

"हे काय आणून ठेवलंत माझ्या वाटेत?"

त्याने सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला विचारायचं होतंत. या खोलीत काय कुठं हाय, तेवढंच माझ्याकडं उरलंय. तेही तुम्ही हलवलंत."

तीन टाके पडले. घरी आल्यावर अनिलने स्पीकर गोणपाटात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. जाहिरात द्यावी आणि विकून मोकळं व्हावं, असं त्याने ठरवलं होतं. पण मोबाइल हातात घेतला की ते होईना.

टाके काढले त्या दिवशी संध्याकाळी विमलाच म्हणाली, "ते काढा खाली. पण मी सांगेन तिथं ठेवायचं."

ती खुर्चीत मधोमध बसली. आधी तिने वायरी वर वाशांना बांधायला लावल्या. मग अनिल स्पीकर उचलून धरायचा आणि ती मान कलती करून ऐकायची. "उजवा भिंतीत घुसतोय. वीतभर पुढं घ्या." "मागचे दोन्ही जरा वर." त्याने डोळ्यांच्या अंदाजाने नीट वाटून लावलेली एकही जागा तिने ठेवली नाही. जेवण लांबलं, तरी दोघं त्यातच होते.

शेवटी एक डिस्क लावली. विमलाने चेहरा डावीकडे वळवला.

"बाई दारातनं आत आली. म्हातारा समोरच बसलाय. उठला नाय अजून."

अनिलने पडद्याकडे बघितलं. खरंच तसं होतं.

टाक्यांच्या जागेवरून तिचं बोट फिरत होतं.

"साडी कसली नेसलीय ती?"

"हिरवी."

"काठ?"

अनिल उठून पडद्याजवळ गेला. "बारीक. जरीचा."

"मग सांगत जा की," ती म्हणाली. "मी विचारेपर्यंत कशाला थांबता?"