शुद्ध बोलणारी बाई

हे मी माझ्या तोंडानं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही. आई होती तोवर आईला नाही. बायकोला तर नाहीच — तिला ते कळलं आहे, पण कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. तुम्हाला सांगतोय ते बहुधा एवढ्यासाठी की तुम्ही मला ओळखत नाही. भित्रा माणूस आधी परक्यापुढंच तोंड उघडतो. नाही का?

मुरुमला बसस्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे फलक. माझ्या दुकानातून चूक बाहेर पडत नाही, अशी माझी ख्याती आहे. कुणी 'आमी' लिहून आणलं तर मी 'आम्ही' करतो, 'पानी'चं 'पाणी' करतो, न विचारता करतो. लोक म्हणतात, "सरांकडं द्या, सर सुद्द करून देत्यात." मी सर नाही. कुठल्या शाळेत एक तास शिकवलेलं नाही. पण ते ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

ही शुद्धपणाची खोड मला कुठं लागली, तेही सांगतो. सबब म्हणून नाही. — मग कशासाठी, असं तुम्ही विचाराल. विचारा. मलाही नीट ठाऊक नाही.

डिप्लोमासाठी पुण्याला गेलो, पहिल्या दिवशी वर्गात एकेकानं उठून ओळख करून द्यायची होती. मी उठलो आणि म्हणालो, "म्या मुरुमचा." पुढं नाव सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. इतका हशा झाला. नंतर तीन वर्षं माझं नाव 'म्या'च होतं. "ए म्या, डबा आला का?" "म्याला विचारा रे, म्याला." त्या पोरांच्या मनात फार वाईट काही नसेलही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक जण येऊन बसला, तो उठलाच नाही. मी तोंड उघडणार, की तो आधी म्हणायचा — थांब, चुकशील. हसतील. तुझ्यानं व्हायचं नाही. खोलीत आरशासमोर उभा राहून मी 'मी, मी, मी' घोकलेलं आहे, शेळीसारखं. डिप्लोमा झाला, नोकरीच्या मुलाखतींना गेलो, तिथंही माझ्याआधी तोच बोलायचा. म्हणजे मी गप्प राहायचो. शेवटी गावी आलो आणि दुसऱ्यांच्या चुका काढायचं दुकान टाकलं.

बायको, महादेवी, सीमेपलीकडची. आळंदजवळच्या खेड्यातली. घर सगळं कन्नड बोलणारं. आमच्या मुरुमात निम्मी माणसं दोन्ही भाषा बोलतात, त्यामुळं तिला अडचण अशी नव्हती. फक्त एक होतं. कन्नडात दगडाला, भाकरीला, बसला तो-ती काही नसतं. सगळं 'अदु' — म्हणजे 'ते'. मराठीत आल्यावर प्रत्येक वस्तू बाई की बाप्या, हे तिला अंदाजानं ठरवावं लागायचं. आणि अंदाज चुकायचा. चहा झाली. भाकरी झाला. बस आला. पण काय ठसक्यात बोलायची! लग्न होऊन आली तेव्हा आठवडी बाजारात भाजीवाल्या बायका तिला मुद्दाम थांबवून घ्यायच्या, तिचं बोलणं ऐकायला. 

मी तिला सुधारायला लागलो. "झाला नाही, झाली." जेवताना, आईसमोर, चारचौघांत. सुरुवातीला प्रेमानं — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. एकदा पाहुणे आले होते. मी म्हणालो, "आमच्या बाईसाहेबांच्या राज्यात चहा बाई आणि भाकरी बाप्या." सगळे हसले. तीही हसली. फक्त तिचं हसू जरा उशिरा आलं. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती ज्यात तो-ती येतच नाही, अशी वाक्यं शोधायला लागली. "चहा घ्या." "पाणी देऊ का?" "बस कधी?" तिची वाक्यं आखूड होत गेली, आणि आखूड होताना बिनचूक होत गेली. मला वाटलं, शिकली.

आता खऱ्या गोष्टीकडं येतो. यायलाच हवं.

नऊ वर्षं झाली. महादेवीच्या बचत गटातल्या बायका कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायच्या. कडक भाकरी हा हिच्या माहेरचा हात — पापडासारखी पातळ, महिनाभर ठेवली तरी कुरकुरीत. तालुक्यातल्या गटांचं काम बघायला सुलोचनाताई नावाच्या बाई यायच्या. त्यांनी हिला बायकांना भाकरी शिकवताना ऐकलं आणि म्हणाल्या, उमरग्याच्या मेळाव्यात पाच मिनिटं बोला. आणि ही हो म्हणाली. मला न विचारता, एका झटक्यात.

आठवडाभर घरात मेळावाच चालला होता. तिनं वहीत भाषण लिहिलं, अडलं तिथं कन्नड अक्षरांत. मुलगी अक्षता तेव्हा तिसरीत होती, तिला समोर बसवून म्हणून दाखवायची. मग वही घेऊन दुकानात आली. "मोठ्या अक्षरात टाइप करून द्या." मी लाल पेन घेतलं. दुरुस्त करत करत शेवटी तिचं एकही वाक्य शिल्लक ठेवलं नाही. 'सर्वप्रथम व्यासपीठावरील सन्माननीय मान्यवर' — असलं काहीतरी टाइप करून हातात दिलं. ती ते वाचायला लागली की दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं व्हायचं. अडखळायची. आणि ती अडखळली की मला पुण्यातला तो वर्ग ऐकू यायचा. उमरग्याच्या सभागृहात निम्मी माणसं माझ्या ओळखीची असणार. माझ्याकडून पत्रिका छापून नेलेली. त्यांच्यासमोर सरांची बायको म्हणणार, भाकरी झाला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. गटात नंबर माझाच दिलेला होता. सुलोचनाताई म्हणाल्या, "दादा, उद्या दहापर्यंत ताईंना घेऊन या बरं का."

मी म्हणालो, "ताई, तिचा घसा बसलाय. ताप पण आहे. जमेलसं वाटत नाही."

त्यांना खरंच वाईट वाटलं. गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगा, म्हणाल्या. मी 'हो हो' म्हटलं. फोन ठेवला आणि हातातली पत्रिका पुरी केली. एकही चूक न करता.

इथवर मी भित्रा होतो, एवढंच म्हणता येईल. पण संध्याकाळी घरी गेलो. तिनं इरकल साडी काढून पलंगावर ठेवली होती, पदराला हात फिरवत उभी होती. मी म्हणालो, "फोन आला होता. त्यांनी दुसरं कुणीतरी घेतलंय." इथं थांबता आलं असतं. नाही का? खोटं पुरं झालं होतं, काम झालं होतं. मी का थांबलो नाही? 

मी पुढं म्हणालो, "म्हणत होत्या, जरा शुद्ध बोलणारी बाई पाहिजे."

असं कुणी म्हटलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. माझ्या डोक्यातल्या त्या माणसानं मला इतकी वर्षं जे ऐकवलं होतं, ते मी एका भल्या बाईच्या नावावर माझ्या बायकोला ऐकवलं. 

ती साडीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खरंय त्यांचा."

"त्यांचं," मी म्हणालो. "खरंय त्यांचं."

हेच सांगायचं होतं. ते खोटं मोठं की ही दुरुस्ती मोठी, हे मला नऊ वर्षांत ठरवता आलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात सुलोचनाताईंची बदली झाली आणि मी सुटलो. हो, सुटलो, हाच शब्द. महादेवी गटात जायची, पण मागं बसायची. कुणी पाहुणे आले की चहा ठेवून आत निघून जायची. अक्षताच्या शाळेत पालकांची सभा असली की म्हणायची, तुम्हीच जा. आणि मी जायचो, दोन शब्द बोलून यायचो. त्या घरात बोलणारा मीच उरलो होतो. मला ते आवडत होतं का? — थोडं आवडत होतं.

मग यंदाच्या हिवाळ्यात एक सकाळ. आता आमचं घर दुकानाच्या मागंच आहे, मधे नुसता पडदा. मी एक लग्नपत्रिका तपासत होतो. आत महादेवी भाकरी थापत होती आणि अक्षता, आता कॉलेजात जाते, तिच्या मागं लागली होती. उमरग्याला पुन्हा मेळावा होता, गटातल्या बायकांनी हिचं नाव दिलं होतं.

"आई, जाणार ना गं?"

"जाणार की."

"भीती न्हाय वाटत?"

भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "माझ्या डोक्यात एक माणूस बसलाय, अक्षता. मी तोंड उघडला की म्हणतो, चुकला, चुकला. आधी मला वाटायचं, तो खरं बोलतोय. त्याला घालवायला लई बघितला. जात न्हाय. मग आता मी त्याला सांगते — सुम्म कूडो. गप बस म्हणजे गप बस. बसायचं तर बस, पण मधे बोलू नको."

अक्षता खदखदून हसली. "आणि तो बसतो?"

"बसतो की. भित्राच आहे तो."

"कोण आहे गं तो माणूस?"

"कोण की," महादेवी म्हणाली. "वळखीचा वाटतो."

पडद्याच्या अलीकडं मी पत्रिका तशीच हातात धरून बसलो होतो. मला तुम्हाला सांगता येणार नाही ते कसं होतं. पुण्यात जो माझ्या डोक्यात शिरला होता, तो हिच्या डोक्यात माझ्या आवाजात बोलत होता. आणि जे मला तीस वर्षांत जमलं नाही ते ती भाकरी थापता थापता करून मोकळी झाली होती. गप बस. दोन शब्द. मला ते कधी सुचलेच नाहीत का? की मला तो माणूस गप्प व्हायला नकोच होता?

या वेळी तिनं मला टाइप करायला काही दिलं नाही. "उद्या उमरग्याला जायचं आहे. यायचं तर या," एवढंच म्हणाली. मी गेलो. सगळ्यांत मागच्या रांगेत बसलो. 

ती कागद न घेता उभी राहिली. तीच इरकल साडी. दुसऱ्याच वाक्याला म्हणाली, "भाकरी कडक झाला पाहिजे." पुढच्या दोन-तीन जणी फिसकन हसल्या. ती थांबली. तिचे ओठ जरासे हलले — माइकमध्ये काही आलं नाही, पण मला ते दोन शब्द दिसले. आणि मग ती म्हणाली, "हसा, हसा. आमच्या कन्नडात भाकरी, दगड, बस सगळं एकच. तुमच्या मराठीत भाकरीला पण बाई करून ठेवलंय. मग तिला घराबाहेर कोण सोडणार? म्हणून आमी बाया तिला घेऊन बाहेर पडलो."

सभागृह हसलं. ते हसणं पुण्याच्या वर्गातलं नव्हतं. मी दोन्ही ऐकली आहेत, मला फरक कळतो. पाच मिनिटं दिलेली असताना ती वीस मिनिटं बोलली. किती चुका झाल्या, ते मी मोजत होतो. हेही सांगायला हवं — मी मोजत होतो.

नंतर व्हरांड्यात चहा होता. गर्दीतून पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या आणि त्यांनी महादेवीचे दोन्ही हात धरले. सुलोचनाताई. निवृत्त झाल्या होत्या, पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मी तिच्या शेजारीच उभा होतो, हातात कप.

"काय बोललात हो!" त्या म्हणाल्या. "त्या वर्षी तुमचा घसा बसला, दादांचा फोनवर निरोप मिळाला, तर मी किती हळहळले होते. ऐन वेळेला दुसरं कुणी मिळालं नाही मला. तुमची जागा रिकामीच ठेवली होती."

महादेवीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं पाहावं असं मला वाटत होतं, आणि पाहू नये असंही.

"व्हय ताई," ती म्हणाली. "बसला होता. लई वर्षं बसला होता. आता मोकळा झाला."

बिनचूक. एकूण एक शब्द बिनचूक.

सुलोचनाताई दुसऱ्या कुणाशी बोलायला वळल्या. महादेवीनं पदर सारखा केला, मग माझ्या हातातल्या कपाकडं पाहिलं.

"अहो, चहा घ्या," ती म्हणाली. "गार झाली."

'झाला', डोक्यातला तो ताबडतोब म्हणाला.

मी कप तोंडाला लावला. गार झाली होती.